धा कुठे गेला?

"गाडीत बेस कमी येतोय यार" हे वाक्य चार मित्रांत टाकून बघा. उत्तर ठरलेलं आहे: "सबवूफर टाक!" ऑफिसखालच्या टपरीवर मी टाकलं, तर चौघांपैकी तिघांनी हेच सांगितलं आणि चौथ्याने वर अँप्लिफायर सुचवला. आपल्या धंद्यात ॲप्लिकेशन स्लो झालं की आधी रॅम वाढवतात, त्यातलाच प्रकार. बग जागच्या जागी आणि बिल वाढलेलं.

आमच्या केसमध्ये तक्रार होती बाबांची. २०२३ च्या दिवाळीत आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये नवीन स्टिरिओ आणि चार स्पीकर बसवून घेतले. बाबा बँकेतून रिटायर झालेत, पण तबल्याचा रियाज रोज सकाळी अर्धा तास, अगदी न चुकता. गाडीतही त्यांना तबला सोलोच लागतो. पहिल्याच फेरीत म्हणाले, "अरे, यात भरी कुठली न खाली कुठली, काही पत्ताच लागत नाही."

तबल्याशी ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात: 'धा' म्हणजे उजव्या हाताचा 'ना' आणि डाव्या हाताचा, म्हणजे डग्ग्यावरचा 'घे', दोन्ही एकदम. तीनतालाच्या १६ मात्रांत नवव्या मात्रेवर खाली येते. त्या भागात डग्ग्याचा घुमारा थांबतो, 'धिं' चा 'तिं' होतो, आणि ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळतं. आता डग्गाच गायब केला तर? सगळा ताल खालीच! मला विचाराल तर इतका नेमका बग रिपोर्ट आजवर एकाही क्लायंटने दिलेला नाही.

ज्या दुकानात सिस्टीम बसवली तिथे परत गेलो. त्यांनी एक दणदणीत गाणं लावलं, मान डोलावली आणि म्हणाले, "मस्त वाजतंय की! काका, वयाप्रमाणे कानाला थोडं कमी येतंच." मग मला बाजूला घेऊन सबवूफरचं १५ हजारांचं कोटेशन.

बाबा तिथे काही बोलले नाहीत. पण त्यानंतर गाडीत काही लाव म्हणेनासे झाले. आणि एका सकाळी रियाज मध्येच थांबवून आईला विचारत होते, "डग्गा नीट घुमतोय ना गं?" चाळीस वर्षं वाजवणारा माणूस! सबवूफर गेला खड्ड्यात, हे निस्तरायलाच हवं होतं.

खरं तर 'वय झालं' ही थिअरी तिथेच फेल होत होती. वयाने ऐकू येणं कमी होतं ते साधारण वरच्या, बारीक आवाजांपासून. म्हणजे आधी चाटेवरच्या 'ना' ची किनार बोथट व्हायला हवी, डग्गा त्यानंतर. बाबांची तक्रार बरोबर उलटी. म्हणजे कान ठीक, घोळ गाडीत.

शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये बसलो. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी सेटिंग्ज. इक्वलायझर फ्लॅट केला. मग एचपीएफ, म्हणजे हाय पास फिल्टर बघितला. सबवूफर नसताना हा चुकून १०० किंवा १२० हर्ट्झला लावलेला असला तर खालचा सगळा आवाज तो स्वतःच कापतो. आमचा बंदच होता. पुढे चला.

मग फेडर पूर्ण पुढे, म्हणजे फक्त पुढच्या दारांतले दोन स्पीकर चालू. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला. डग्गा आला! पूर्ण उजवीकडे नेला. तरीही आला! मध्ये आणला... गायब. दोन्ही मॉड्यूल वेगवेगळे पास आणि एकत्र केले की फेल. च्यायला, हा तर इंटिग्रेशन बग निघाला.

कारण सोपं आहे. एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली की एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. एक हवा दाबतो, दुसरा तीच ओढतो. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर, आणि दोन दारांमधलं अंतर दीडेक मीटर. म्हणून खालचे आवाज एकमेकांना बऱ्यापैकी खाऊन टाकतात. ३००० हर्ट्झची लाट मात्र जेमतेम ११ सेंटिमीटरची. ती कुठे जुळते, कुठे कटते, पण सरसकट नाहीशी होत नाही. म्हणून 'ना' कडक आणि 'घे' बेपत्ता. यावर वॅट दुप्पट केले असते तरी आवाज ३ डेसिबलने वाढला असता आणि खाडाखोड तशीच चालू राहिली असती.

खात्री करायला भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला. स्टिरिओचा कपलर काढून ठेवला (हे विसरू नका) आणि स्पीकरच्या वायरींना सेल क्षणभर टेकवला. प्लसला प्लस असेल तर पडदा बाहेर यायला हवा. डावा बाहेर आला, उजवा आत गेला. स्टिरिओमागे बघितलं तर गाडीच्या मूळ वायरी कापून नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेली. स्टिरिओकडून करड्या रंगाची वायर प्लस आणि काळ्या पट्टीची करडी मायनस, एवढं ठरलेलं असतं. गाडीकडचे रंग वेगळे, तिथे अदलाबदल झालेली. सोडवून नीट जोडली. खर्च: इन्सुलेशन टेप, १० रुपये.

बाबांना खाली बोलावलं. काही न सांगता तोच सोलो लावला. डोळे मिटून बसले, मांडीवर बोटं चालू झाली. नवव्या मात्रेला हात उघडून बाजूला फेकला, दहा मिनिटं तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबर होतं." मी म्हटलं, "शंभर टक्के."

असो. आता हायवेवर टायरच्या घरघरीत थोडा डग्गा बुडतोच, आणि दाराच्या पत्र्यातली भोकं डॅम्पिंग शीटने बंद करायची राहिली आहेत. ते पुढच्या वीकेंडला. तुमच्याकडेही बेस गायब असेल तर खिशात हात घालण्याआधी ती बॅलन्सची टेस्ट करून बघा. दोन मिनिटं लागतात.