चोरीनंतरचे तास

प्रवासात लुबाडलं जायला पाच-दहा मिनिटं पुरतात. माझं बरंचसं नुकसान मात्र त्यानंतरच्या तासांत झालं. एकदा घरबसल्या खोलीचं बुकिंग करताना, एकदा रात्रीच्या रेल्वेत. दोन्ही वेळा लगेच हातपाय हलवले असते तर काही ना काही वाचलं असतं. मी गप्प बसले. घरचे काय म्हणतील, एवढी शिकलेली बाई अशी कशी फसली, या विचारात मोलाचा वेळ गेला. म्हणून हे सगळं काही न लपवता लिहिते आहे.

सासूबाईंना सौराष्ट्राची यात्रा करायची होती. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले, त्यामुळे खोली देवळाजवळ आणि तळमजल्यावर हवी, एवढीच त्यांची अट. दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली. रेल्वेची तिकिटं मिळाली होती, खोली काही मिळत नव्हती. रात्री जेवणं आटोपल्यावर मी मोबाइलवर एका देवस्थानाच्या अतिथिगृहाचं नाव टाकून शोधलं आणि सगळ्यात वर आलेलं पान उघडलं. देवळाचा फोटो, आरतीच्या वेळा, खोल्यांचे दर, खाली मोबाइल नंबर. नावाच्या वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असं लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं. पैसे मोजून वर आणलेल्या जाहिरातीला तसं लिहितात, हेही मला माहीत होतं. तरी सगळ्यात वर आहे म्हणजे खरंच असणार, असं मनाने धरून घेतलं.

फोन उचलणारा माणूस फार अदबीने बोलला. सुरुवातच ‘हर हर महादेव, बहनजी’ने. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऐकल्यावर म्हणाला, ‘माताजींसाठी तळमजल्याची खोली राखून ठेवतो, व्हीलचेअरचंही सांगून ठेवतो.’ तिथेच मी विरघळले. त्यानंतर त्याला उलटे प्रश्न विचारणं मला उद्धटपणाचं वाटू लागलं. देवाच्या दारातल्या माणसावर संशय कसा घ्यायचा? भीड ही भिकेची बहीण, असं माझी आई उठता-बसता म्हणायची. ते मला त्या रात्री आठवलं नाही.

व्हॉट्सॲपवर खोलीचे फोटो आले. त्याने आम्हा तिघांच्या आधार कार्डांचे फोटो मागवून घेतले, मग क्यूआर कोड पाठवला. दोन रात्रींचे ४,८०० रुपये. कोड स्कॅन केला की पैसे ज्याच्या खात्यात जाणार त्याचं बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर येतं. तिथे ट्रस्टचं नाव नव्हतं. एका माणसाचं नाव होतं, आडनावासकट. ते पाहून माझा अंगठा थबकला. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘हिशेबनीस साहेबांचं खातं आहे, सुट्टीमुळे ट्रस्टचं खातं दोन दिवस बंद आहे.’ मी पिन टाकला. सगळी फसवणूक त्या एका ओळीत माझ्यासमोर लिहिलेली होती, आणि मी ती वाचूनही पुढे गेले.

जरा वेळाने परत त्याचा फोन. पावती निघत नाहीये, अनामत रक्कम राहून गेली, त्यामुळे आधीचे पैसे सिस्टिममध्ये अडकले आहेत. आता अनामतीसह सगळी रक्कम एकदम भरा, आधीची आपोआप परत येईल. या बोलण्यात काही अर्थ नाही, हे आज मला स्वच्छ दिसतं. त्या वेळी मात्र गेलेले पैसे सोडवायचे एवढंच डोक्यात होतं. मी आणखी ९,६०० रुपये पाठवले. ही दुसरी पायरी पहिलीपेक्षा घातक असते. पहिल्यांदा आपण खोलीसाठी पैसे देतो, दुसऱ्यांदा आधीचे वाचवण्यासाठी देतो, आणि वाचवण्याच्या घाईत माणूस काहीही करतो. त्याने तिसऱ्यांदा रक्कम सांगितली तेव्हा माझे डोळे उघडले. मी नाही म्हटल्याबरोबर त्याने फोन ठेवला आणि मला ब्लॉक केलं.

त्या क्षणी १९३० ला फोन लावायला हवा होता. तो नंबर मला ठाऊक होता, आमच्या बँकेच्या दारावरच त्याचा फलक आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०२१ मध्ये आर्थिक सायबर फसवणुकीसाठी ही यंत्रणा उभी केली. तक्रार नोंदवली की ती पैसे गेलेल्या बँकेपर्यंत लगेच पोहोचते. फसवणुकीचा पैसा एका खात्यात थांबत नाही. तो दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावरच्या, भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे सरकतो आणि शेवटी एटीएममधून रोख निघतो. रोख निघण्याआधी तो ज्या खात्यात सापडेल तिथे गोठवता येतो. एकदा नोटा हातात पडल्या की गोठवायला काही उरत नाही.

मी फोन केला नाही. हे आत झोपले होते. त्यांना उठवून काय सांगू, कुठल्या शब्दांत सांगू, याची जुळवाजुळव करत मी रात्रभर तळमळत पडले. सकाळी डबे भरले. कुणाला काही बोलले नाही. दुपारी बहिणीचा फोन आला तेव्हा तिच्यापाशी रडले. ती ओरडलीच, ‘अगं, रडतेस काय, आधी फोन लाव!’ तोवर अर्धा दिवस उलटला होता. यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारून तक्रार नोंदवली गेली. पुढे सायबर पोलिसांकडून कळलं की माझे पैसे त्या रात्रीच रोख निघाले होते. ‘मॅडम, रात्रीच का नाही केलात?’ एवढंच त्या पोरगेल्याशा हवालदाराने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, कळवळा होता.

बँकेतही मी आशेने गेले होते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं एक परिपत्रक तेव्हा लागू होतं. आपल्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले, त्यात आपली चूक नसली आणि आपण तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड आपल्यावर पडत नाही. माझ्या बाबतीत पिन मी स्वतः, माझ्या हाताने टाकला होता. बँकेच्या लेखी तो व्यवहार माझाच होता. आधार कार्डांचे फोटो गेले ते गेलेच. शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेलं आधार सरकारी संकेतस्थळावरून फुकट काढता येतं. खोलीच्या बुकिंगसाठी आता मी तेच देते.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ‘पैसे गेले तर गेले गं. रात्रभर एकटी जागलीस कशाला? मला उठवायचंस.’ मला वाटलं होतं त्या रागावतील. माझ्या गप्प बसण्याचं कारण जे मी धरून चालले होते, ते घरात मुळी नव्हतंच.

अशी फसवणूक इतकी वाढली की एप्रिल २०२५ मध्ये गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राला यात्रेकरूंसाठी खास इशारा काढावा लागला. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची गाडी, देवस्थानांची अतिथिगृहं या सगळ्यांची खोटी पानं निघाली होती. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं बुकिंग फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर होतं आणि सोमनाथच्या अतिथिगृहाचं सोमनाथ डॉट ओआरजीवर, असं त्यात नावानिशी सांगितलं होतं. मी शोधयंत्रावर नंबर शोधणं तेव्हापासून सोडलं. देवस्थानाचा पत्ता स्वतः टाइप करते, आणि पैशांपुढे माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबते.

एवढं होऊनही रेल्वेत मी पुन्हा तीच गत करून घेतली. नागपूरला भाचीचं लग्न होतं. महाराष्ट्र एक्स्प्रेस, शयनयान, खिडकीचा खालचा बर्थ. वैशाखातला उकाडा, म्हणून खिडकी वर सरकवलेली. फोन खिडकीजवळ चार्जिंगला लावून मी डोळे मिटले. फोनला पाकिटासारखं उघडणारं कव्हर होतं आणि त्यात मी डेबिट कार्ड ठेवलं होतं. कार्ड वेगळं शोधावं लागू नये, एवढ्या सोयीसाठी. मनमाड सोडल्यावर पहाटे गाडी सिग्नलला थांबली. जाग आली तेव्हा चार्जरची वायर नुसती लोंबत होती. गजांमधून एक हात आत येऊन गेला असणार, मला चाहूलही लागली नाही.

मी ओरडले नाही. डब्यात सगळे झोपलेले, कशाला उठवायचं? शिवाय तक्रार करायची तर भुसावळला उतरावं लागेल, मग लग्न चुकेल, असं मी धरून चालले. ते साफ चूक होतं. रेल्वेच्या मदत क्रमांकाला, १३९ ला, फोन लावता येतो. तक्रारीचा छापील अर्ज तिकीट तपासनीस, गार्ड किंवा गाडीतल्या पोलिसांकडे मिळतो. तो भरून दिला की पुढच्या स्थानकावर लोहमार्ग पोलिसांकडे पोहोचतो, प्रवास मोडावा लागत नाही. गुन्हा कुठल्या हद्दीत झाला हाही अडसर नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायची सोय १ जुलै २०२४ पासून कायद्यातच आहे. समोरच्या बर्थवरच्या मुलाचा फोन मागून निदान सिम आणि कार्ड बंद करणं तर दोन मिनिटांचं काम होतं.

मी दुपारी नागपूरला उतरून ते केलं. तोवर चोराकडे माझं सिम होतं, त्यावर येणारे ओटीपी होते आणि कार्डही होतं. यूपीआयचा पिन बदलायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीचा महिना-वर्ष आणि ओटीपी लागतो. सगळं मीच एका जागी बांधून दिलं होतं. शिवाय नुसतं टेकवून पैसे देण्याच्या सोयीत पाच हजारांपर्यंत पिन लागतच नाही. खात्यातली सकाळची नोंद आणि दुपारची नोंद यांत केवढा फरक पडला होता, ते आकडे मी अजून जपून ठेवले आहेत.

रेल्वेने भरपाई द्यावी, असं नात्यातल्या एकाने सुचवलं. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १०० नुसार, आपण स्वतःजवळ बाळगलेल्या सामानाला रेल्वे जबाबदार धरायची तर तिच्या कर्मचाऱ्यांची हयगय किंवा गैरवर्तन सिद्ध करावं लागतं. कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये चोरीला गेलेल्या प्रवाशाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानेही जून २०२३ मध्ये हे रेल्वेच्या सेवेतलं उणेपण नाही, असं म्हटलं. मी त्या वाटेला गेले नाही. पोलिसांच्या तक्रारीची प्रत आणि फोनच्या खोक्यावरचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक देऊन ‘संचार साथी’ संकेतस्थळावर फोन तेवढा बंद करून घेतला. त्यासाठी नव्या सिमवर ओटीपी यावा लागतो, म्हणून आधी सिम, मग हे. खोकं जपून ठेवलेलं होतं म्हणून निभावलं.

मध्यंतरी रात्री अकराला शेजारच्या पोरीने दार वाजवलं. मैत्रिणींबरोबर गोव्याला जायचं, बंगल्याचे २२,००० भरले, आता तो माणूस आणखी मागतोय. आई-बाबांना सांगू नका काकू, हे पहिलं वाक्य. मी तिला आत घेतलं, माझ्या फोनवरून १९३० लावला आणि तिच्या हातात दिला. ती व्यवहाराचा क्रमांक हुंदके देत वाचत होती, एक आकडा चुकला तो मी सांगितला. मग तिच्या बँकेला फोन केला. त्यानंतर आम्ही दोघी तिच्या आईकडे गेलो. १४,००० गोठवले गेले. ते हाती यायला न्यायालयाचा आदेश लागला आणि त्यात कित्येक महिने गेले, पण आले. उरलेले आठ हजार मिळालेले नाहीत.