अड्याळची मंडई आणि मंगोलियाचे तंतुवाद्य

दिवाळी सरली आणि धान कापणीला आले की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. अशाच एका दिवशी आम्ही सहकुटुंब एसटीने भंडारा-पवनी रस्त्यावरील अड्याळला उतरलो. दोन्ही बाजूंना पिवळ्या बांध्या, रस्त्यावर माणसांची रीघ. दिवसभर खरेदी, पाहुण्यांच्या भेटी आणि सोयरिकीच्या गोष्टी झाल्या. रात्री खडी गंमत.

शाहीर व साथीदार उभ्याने गातात, म्हणून ती खडी. ढोलकी, टाळ, तुणतुणे आणि लुगडे नेसून नाचणारा पुरुष, एवढ्या सामानावर रात्र निघते. तुणतुणे वाजविणारे बाबा सत्तरीचे होते. आम्ही विचारले, “बाबा, पुढे कोण?” ते म्हणाले, “पोट्टे मोबाईलवर आयकतेत भाऊ, हाती धराले कोनी तयार नाही.”

ते ऐकून मंगोलिया आठवला. बुद्धाला मानणारा तो देश. तेथे मोरिन खूर नावाचे दोन तारांचे वाद्य आहे. त्याच्या शेंड्यावर घोड्याचे डोके कोरलेले असते, तारा घोड्याच्या केसांच्या. खूमी गायनात तर एकच माणूस एकाच वेळी दोन स्वर काढतो. १९३० च्या दशकात तेथील राजवटीने विहार उद्ध्वस्त केले. विहारांतील मुखवट्यांचे त्साम नृत्यही बंद पडले. १९९० नंतर जुन्या जाणत्यांना विचारून ते पुन्हा उभे करण्यात आले. मोरिन खूरचे संगीत २००८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेले.

आमची गोष्ट थोडी वेगळी आहे. गावकीच्या हुकुमावर वाजविण्याचे काम आमच्या वाडवडिलांनी सोडले, ते योग्यच केले. ती कला नव्हती, वेठ होती. पण गळा आणि ताल त्यांनी सोडला नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाने १९३० च्या दशकात त्याच तालावर समाज जागा केला. पुढे भीमगीते घरोघरी गेली. म्हणजे वाद्य वाईट नव्हते, हुकूम वाईट होता.

मंगोलियात बंदी आली. आमच्याकडे बंदी नाही, तरीही तुणतुणे मुके होऊ पाहते. पहाटे निघताना आमच्या मुलाने बाबांच्या हातून ते घेऊन तार छेडली. सूर बेसूर होता. बाबा मात्र हसले आणि त्याचे बोट धरून त्यांनी ती तार पुन्हा छेडविली.

बंधूभगिनींनो, तुमच्या घरीही असे कोणी म्हातारे असतील. या सुटीत मुलांना त्यांच्याजवळ बसवा.