बगॅसमधलं लिग्निन: काही टिपणं

दौंड तालुक्यात गुऱ्हाळांच्या बाजूने जाताना चिपाडाच्या धुराचा तिखट-गोड वास येतो. त्या वासातला मोठा भाग ग्वायाकॉल आणि सिरिंगॉलचा. दोन्ही रसायनं लिग्निन तुटून तयार होतात. म्हणजे लिग्निन फोडायचं काम चुलवणात रोज चालूच आहे, पण हाती काही लागत नाही, सगळं धुराड्यातून जातं.

*

लिग्निनमुळे ऊस ताठ उभा राहतो. वाळलेल्या बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात, त्याचं प्रमाण साधारण २० ते २५ टक्के. बेंझिनसारखी कडी असलेली जी रसायनं आपण खनिज तेलातून काढतो, ती कडी इथे शेतात तयार मिळते.

*

२०१७ मध्ये दौंडजवळ प्राज इंडस्ट्रीजचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. शेतातल्या काडीकचऱ्यापासून वर्षाला १० लाख लिटर इथेनॉल काढण्याची त्याची क्षमता. या पद्धतीत काडीतल्या साखरेचं इथेनॉल होतं आणि लिग्निन मागे उरतं. त्याचं काय करायचं, हा प्रश्न मला इथेनॉलपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

*

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) ए. के. दीपा आणि परेश ढेपे यांनी २०१५ साली सिलिका-ॲल्युमिनासारखे घन आम्ल उत्प्रेरक वापरून, २५० अंशांच्या आत, लिग्निनपासून सुमारे ६० टक्के अशी कडी असलेली सुटी (ॲरोमॅटिक) संयुगं मिळवली. घन उत्प्रेरक गाळून परत वापरता येतो. गंधकाम्ल किंवा कॉस्टिक वापरलं की भांडी झिजतात आणि शेवटी ते शमवत बसावं लागतं.

*

कॉपर ऑक्साइडची तऱ्हा वेगळी. ते स्वतःमधला ऑक्सिजन लिग्निनला देतं आणि हवेतून तो पुन्हा भरून घेता येतो. यातून व्हॅनिलिन मिळतं. नॉर्वेची बोरेगार्ड कंपनी स्प्रूसच्या लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन बनवून विकते. उसात मात्र लिग्निनचे घटक तीन प्रकारचे, त्यामुळे व्हॅनिलिनबरोबर सिरिंगाल्डिहाइड आणि आणखी एक भाऊबंद येतो. त्यांना वेगळं करण्यातच खर्च वाढतो.

*

खरी डोकेदुखी फोडण्यानंतरची. सुटलेले तुकडे गरम असतानाच एकमेकांना पुन्हा चिकटतात आणि आधीपेक्षा चिवट होतात. त्यांचा काळा थर उत्प्रेरकाच्या छिद्रांत बसतो. उत्प्रेरक ऑक्साइडचा असल्याने हवेत तापवला की तो थर जळून जातो, ही मोठी सोय. पण बगॅसच्या राखेतलं पोटॅश तसं जात नाही. ते आम्लाच्या जागा अडवून बसतं. म्हणून बाटलीतल्या स्वच्छ लिग्निनवरच्या आकड्यांवर थांबू नये. घोड आणि भीमेच्या काठचा ऊस, माती लागलेला, कारखान्यातून निघतो तसाच प्रयोगशाळेत गेला पाहिजे.

*

लिग्निनचा न फोडताही उपयोग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर-मनसर रस्त्याच्या एका टप्प्यावर लिग्निनमिश्रित डांबर वापरलं गेलं.

*

महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊस दर कायद्यानुसार साखरेबरोबर बगॅस, मळी आणि प्रेसमडच्या उत्पन्नातही शेतकऱ्याचा वाटा धरला जातो. बगॅसचा दर आज मुख्यतः जळण म्हणून ठरतो. उद्या त्यातून व्हॅनिलिन निघालं, तर हा हिशेब नव्याने मांडावा लागेल, आणि व्हॅनिलिनचा कारखाना उभा राहण्याआधीच तो मांडावा.