चित्रकूट ते काशियश

'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. पुढे वर्षभराहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक या हिशेबानं गदिमांची ५६ गाणी सुधीर फडक्यांच्या चालींत घरोघर पोचली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पेडण्याच्या हद्दीवर, पत्रादेवीला, पोर्तुगीज शिपायांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि कर्नेलसिंग बेनिपाल पडले. ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला करताना आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे जखमी होऊन पकडले गेले. रेडिओवरच्या रामाचा वनवास तेव्हा संपायचा होता. रानड्यांची सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांना जेमतेम नऊ महिने कमी. रामाच्या वनवासाशी हा हिशेब इतका जवळ येतो की लेखकाला मोह पडावा, पण मला तो खोटा वाटतो. राम परतला तेव्हा अयोध्या त्याची वाट पाहत होती. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, तरी रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात आणखी सात वर्षं होतेच.

तरीही 'गीतरामायणा'ची तबकडी आणि रानड्यांचं 'सतीचे वाण' हे पुस्तक शेजारी ठेवावं, असं माझं म्हणणं आहे. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते गाणं घ्या. यमनकल्याणाची संथ चाल, कडव्यामागून कडवं, आणि फडक्यांचा आवाज कुठेही चढत नाही. दोष कैकेयीचा नाही, पित्याचाही नाही, सारं दैवाचं, असा त्याचा सूर. आपल्याकडे ते बहुधा दुःखाच्या घरी ऐकतात, अन् ऐकणारा मान डोलावून गप्प बसतो. तुरुंगवासाची आठवण लिहिणाऱ्याला अशी सोय नसते. एकांतकोठडीला दैव म्हणून चालत नाही. तिच्यामागे सालाझारची राजवट होती, न्यायालय होतं, २६ वर्षांची शिक्षा होती. मग गाणं आपल्याला सोसायला शिकवतं आणि पुस्तक भांडायला, असा निकाल द्यायचा का? तो फार घाईचा होईल. गाण्यातला राम हताश नाही. भरत राज्य परत देऊ करत असताना तो दिलेल्या शब्दासाठी वनातच राहतो आहे. आणि रानड्यांच्या पुस्तकाचं नावच सांगतं की हे व्रत अंगावर कोसळलं नव्हतं, समजूनउमजून घेतलं होतं. पुस्तक वाचल्यावर त्या संथ चालीतला हट्ट ऐकू येतो.

कुणी म्हणेल, भक्तिसंगीतात राजकारण कशाला कालवता? ते मी नव्हे, संगीतकारानंच कालवलं आहे. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात फडके स्वतः उतरले होते, आणि रानड्यांच्या सुटकेसाठी झालेल्या प्रयत्नांतही ते पुढे होते. दैवाची समजूत इतकी गोड गाणारा माणूस दैवावर हवाला ठेवून बसला नाही, हे त्या गाण्यावरचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं भाष्य. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पत्रादेवीचे सत्याग्रही निःशस्त्र होते, रानडे सशस्त्र, मग एकाच दमात दोघांची नावं का घ्यावीत? भेद खराच आहे, आणि तो झाकू नये. पण पुस्तक काही मार्गाचं प्रमाणपत्र मागत नाही, साक्ष देतं. आणि साक्ष पटण्यासाठी साक्षीदाराशी प्रत्येक बाबतीत सहमत असावं लागत नाही.

पेडणे-डिचोलीच्या श्रोत्याला हे समजावून सांगायची गरज कमीच. जत्रेतल्या दशावताराला लिखित संहिता नसते. पुराणातला राजा रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचतो आणि गावच्या ताज्या भानगडीवर एखादा टोला हाणूनच पुढे जातो. कथा आणि वर्तमान यांच्यामध्ये तिथे पडदा नसतो. 'गीतरामायण' मात्र आपण काचेच्या कपाटात ठेवलं आहे. रामनवमीला भजनी मंडळं आणि वाचनालयं ते गातील, गावंच. त्या कार्यक्रमात चित्रकूटाच्या गाण्याआधी 'सतीचे वाण' मधली चार पानं वाचून दाखवा.