कीबोर्ड, मिक्सर आणि शेवटची रांग

शाळेच्या स्नेहसंमेलनात गाणं बसवताना आपण सूर बघतो, ताल बघतो, मुलांचे कपडेही बघतो. कीबोर्डची वायर मिक्सरला कशी जोडायची, हे मात्र साउंडवाल्यावर सोडून मोकळे होतो. गाण्याचे शब्द लोकांपर्यंत पोहोचणार की नाही, हे बऱ्याच वेळा त्या वायरीपाशीच ठरतं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. संगीत शिकलेलो नाही, इलेक्ट्रॉनिक्स तर नाहीच. पण शब्द हे माझं रोजचं काम आहे, म्हणून या वायरीच्या नादी लागलो.

निमित्त झालं आमच्या नववीतल्या एका मुलीचं. तिला एक मराठी कविता आणि एक उर्दू तराना गायचा होता. घरातल्या वडीलधाऱ्यांना मुलीनं स्टेजवर गाणं पसंत नव्हतं. वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांनी सगळ्यांची समजूत घातली आणि मागच्या रांगेत येऊन बसले. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाले, "सर, आवाज तो बहुत था, पर छोरी क्या गाई वो समझाच नहीं." त्या रात्री घरात विरोध करणाऱ्यांच्या हाती आयता मुद्दा आला. हे गाणं नाही, नुसता गोंगाट आहे, असं ते म्हणाले. संगीत जायज की नाजायज, हा वाद मी इथे काढत नाही. पण ज्याला शब्दच ऐकू आले नाहीत, तो दुसरं काय म्हणणार?

कीबोर्डच काढून टाका, साधी पेटी ठेवा, असा सल्लाही मिळाला. पेटी मलाही आवडते. पण आज अस्सल आपली वाटणारी ही पेटी मूळची युरोपातली. आकाशवाणीनं तिला १९४० मध्ये बंदी घातली होती आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आज कव्वाली, कीर्तन, भजन यांतलं काहीच तिच्याशिवाय होत नाही. तेव्हा वाद्य परकं की आपलं, यात फार अडकू नये. ते साथ नीट करतं का, एवढं बघावं.

आमचा एक जुना विद्यार्थी दिवसा मोबाइल दुरुस्त करतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. त्याला शाळेत बोलावून घेतलं आणि त्या रात्री नक्की काय झालं, ते समजून घेतलं. जे कळलं ते इथे लिहितो, कारण गावोगावच्या शाळांत आणि जलशांत हेच घडत असतं.

पहिली गोष्ट जॅकची. स्टेजवर वाजवायच्या कीबोर्डला मागे दोन आउटपुट असतात. एकावर 'एल/मोनो' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'आर'. आपल्याकडच्या मंडपातला साउंड बहुतेक वेळा मोनोच असतो, म्हणजे सगळ्या स्पीकरमधून एकच आवाज. तिथे फक्त 'एल/मोनो'ला साधी मोनो वायर लावली की काम भागतं. दोन्ही बाजूंचा आवाज कीबोर्ड स्वतःच एकत्र करून देतो.

घरगुती कीबोर्डला अनेकदा फक्त हेडफोनचं भोक असतं. घोटाळा तिथेच होतो. हेडफोनच्या जॅकमध्ये डावा आणि उजवा असे दोन आवाज असतात. तोच स्टिरिओ जॅक दोन्ही टोकांना असलेली वायर थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली, तर मिक्सर त्या दोन आवाजांची बेरीज करत नाही, वजाबाकी करतो. बॅलन्स्ड इनपुटची रचनाच तशी आहे. दोन तारांवर जे सारखं येईल ते बाहेरचा खरखराट समजून काढून टाकायचं आणि जो फरक असेल तो पुढे पाठवायचा. कीबोर्डच्या डाव्या-उजव्या आवाजात बरंचसं सारखंच असतं. ते सगळं गळून पडतं आणि उरतो तो पोकळ, पातळ, लांबून आल्यासारखा आवाज. मग वादक आवाज वाढवतो, साउंडवाला आणखी वाढवतो, आणि गाणारी मुलगी त्याखाली गाडली जाते. त्या रात्री नेमकं हेच झालं होतं. यावर उपाय म्हणजे एका बाजूला स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो जॅक असलेली वाय आकाराची वायर. ती दोन टोकं मिक्सरच्या दोन वेगळ्या चॅनलना लावायची.

दुसरी गोष्ट अंतराची. कीबोर्डची साधी वायर पाच-सहा मीटरपर्यंत ठीक चालते. मिक्सर मैदानाच्या मध्यावर आणि कीबोर्ड स्टेजवर असेल, तर तीच वायर आजूबाजूच्या लाइटचा, जनरेटरचा खरखराट ओढून घेते. अशा वेळी डीआय बॉक्स लावतात. ही एक लहानशी डबी. कीबोर्डची वायर तिच्यात घालायची आणि तिच्यातून माइकसारखी तीन पिनांची एक्सएलआर वायर काढायची. ही वायर तीस-चाळीस मीटर नेली तरी खरखर येत नाही. डबी दोन प्रकारची असते. पॅसिव्ह डबीला वीज लागत नाही. ॲक्टिव्ह डबीला मिक्सरचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा किंवा बॅटरी लागते. फँटमचं बटण चालू-बंद करताना त्या चॅनलचा आवाज बंद ठेवावा, नाहीतर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो.

कीबोर्ड एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असेल, तर कधी कधी सतत घूंऽऽ असा आवाज येत राहतो. आपल्या विजेची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ. अर्थिंगचे दोन रस्ते तयार झाले की तिचा गुंजारव साउंडमध्ये शिरतो. डीआय बॉक्सवर 'ग्राउंड लिफ्ट' नावाचं बटण असतं. ते दाबलं की बहुतेक वेळा हा आवाज जातो. शक्य असेल तर दोन्ही उपकरणांना एकाच ठिकाणाहून वीज घ्यावी. पण थ्री-पिनमधली अर्थिंगची जाड पिन तोडायचा किंवा अर्थिंगची तार काढायचा जो 'जुगाड' काही जण करतात, तो कुणालाही करू देऊ नये. स्टेजवर लहान मुलं असतात. एखाद्याच्या एका हातात लोखंडी माइक आणि दुसरा हात कीबोर्डच्या स्टँडवर असू शकतो. घूं घूं ऐकून घेतलेली परवडते, शॉक परवडत नाही.

तिसरी गोष्ट गेनची. कार्यक्रमाआधी कीबोर्डचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवावा आणि पुन्हा त्याला हात लावू नये. वादकाला सर्वांत मोठा वाजणारा टोन वाजवायला सांगावं. मिक्सरवर त्या चॅनलचा फेडर खाली ठेवून गेन हळूहळू वाढवावा आणि लाल दिवा लागण्याच्या बराच आधी थांबावं. मग फेडर शून्याच्या खुणेपर्यंत आणावा. त्यानंतरचं कमी-जास्त फेडरनंच करायचं. लाल दिवा लागला म्हणजे आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज पुढे कुणालाच शिवता येत नाही. सुरू करताना ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी चालू करायचा, बंद करताना सर्वांत आधी.

इथवर वायर झाली. आता साथ. मिरज आमच्यापासून जवळ. तिथली तंबोरा-सतारीची कारागिरी आणि तिथेच राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणी इकडच्या हवेतच आहेत. गवयामागे तंबोरा सतत वाजत असतो, तरी गवयाच्या आड येत नाही. कीबोर्डकडूनही हीच अपेक्षा ठेवावी. ढोलकी किंवा तबला असेल तर कीबोर्डमधला तयार ताल आणि बेस बंद करावा. डाव्या हातानं जाड सूर धरून ठेवू नयेत. मिक्सरवर कीबोर्डचे २०० ते ४०० हर्ट्झमधले सूर थोडे कमी केले की गढूळपणा जातो. उच्चारांची स्पष्टता बरीचशी २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. तिथेही कीबोर्ड जरा कमी करावा. 'श'-'स', 'क'-'क़', 'ज'-'ज़' यांतला फरक वर्गात समजावताना आमचा घसा कोरडा पडतो. तो फरक भोंग्यातून ऐकू यायचा, तर त्याला तेवढी जागा सोडावी लागते.

वादकासमोर छोटा मॉनिटर स्पीकरही हवा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की कुणीही आवाज वाढवतो. माणसांचंही तसंच असतं. मॉनिटर मिळाला की वादकाचा हात आपोआप नरम होतो.

पुढच्या वर्षी आम्ही साउंडवाल्या चाचांना दुपारी तीनलाच बोलावलं. त्यांच्या पेटीत डीआय बॉक्स होताच, कुणी मागत नाही म्हणून पडून होता. एक तास तपासणी केली. एक शिक्षिका शेवटच्या रांगेत वही घेऊन बसल्या आणि ऐकू आलेला प्रत्येक शब्द लिहीत गेल्या. जिथे शब्द हुकला, तिथे कीबोर्ड आणखी खाली आणला. मुलगी आता दहावीत होती. तीच कविता, तोच तराना. या वेळी वडिलांबरोबर तिची दादीही आली होती. कार्यक्रमानंतर दादींनी स्तुती वगैरे काही केली नाही. तरान्यातल्या एका शब्दाचा अर्थ मात्र त्यांनी मला विचारला. शब्द पोहोचला होता, म्हणूनच प्रश्न आला.

दादींना गाणं पसंत पडलं का, मला माहीत नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवावं. आपलं काम एवढंच की ठरवण्याआधी त्यांना ते नीट ऐकू यावं. तुमच्या शाळेत किंवा मोहल्ल्यात कार्यक्रम असेल, तर साउंडवाल्याला दोन तास आधी बोलवा, डीआय बॉक्स आणायला सांगा, आणि एखाद्याला वही देऊन शेवटच्या रांगेत बसवा.