आमच्या अंगणांतील कोरांटी

फुलझाडांचा विषय निघाला कीं गुलाब, मोगरा, जाई यांचें वर्णन करण्यास सर्वजण पुढें सरसावतात. परंतु थंडीच्या दिवसांत, बाग उदास दिसूं लागली असतां, मुकाट्यानें फुलणाऱ्या कोरांटीची आठवण फारशी कोणास होत नाहीं. हें सदापर्णी झुडूप आमच्या घरीं कसें आलें, ती हकीकत येथें थोडक्यांत सांगतों.

साताऱ्याकडील आमचें जुनें घर वांटणींत चुलत्यांकडे गेलें. घर सोडतांना आजीनें भांडींकुंडीं मागितलीं नाहींत. परसांतील जांभळ्या कोरांटीच्या पांच फांद्या तेवढ्या ओल्या फडक्यांत गुंडाळून घेतल्या. सासरीं आल्यावर तिनेंच ती लाविली होती. आषाढ महिना होता. माती, वाळू व कुजलेलें शेणखत समभाग घेऊन त्या वीतभर फांद्या आम्हीं सावलींत लाविल्या. तीन सुकल्या, दोहोंस पालवी फुटली. पहिल्या हिंवाळ्यांत एकहि फूल आलें नाहीं. आजीची दृष्टि तर मंदावत चालली होती. “फुलें येतील तेव्हां मला दिसतील ना रे?” असें ती वारंवार विचारी, आणि आम्हांस उत्तर सुचत नसे.

कोरांटीस भारी मशागत लागत नाहीं. सकाळचें ऊन व निचऱ्याची जमीन पुरे. मुळांशीं पाणी मात्र तुंबूं देऊं नये. बहर सरल्यावर माघ-फाल्गुनांत फांद्या छाटाव्या व पावसाळ्यांत शेंडे खुडावे, म्हणजे झुडूप दाट होतें. बोंडें वाळलीं कीं तडकून बीं दूर उडतें. अडुळसा व अबोली हे हिचेच भाऊबंद. अमरकोशांत पिवळीस कुरंटक व तांबडीस कुरबक म्हटलें आहे. शास्त्रीय ‘बार्लेरिया’ हें नांव १७ व्या शतकांतील जाक बारेलिए या फ्रेंच साधु-वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ आहे.

दुसऱ्या वर्षीं मार्गशीर्षांत झुडूप फुलांनीं भरलें. आजीस रंग अंधुकच दिसला. पण तिनें नळीसारखें एकेक फूल बोटांनीं चांचपून मोजलें. तिची मुद्रा प्रसन्न झाली. पुढें जुन्या घरचें मूळ झाड भिंत बांधतांना खोदून टाकल्याचें कळलें. वडील रागावले, परंतु आजी म्हणाली, “तिकडे एक फांदी धाडा. अंगण कोणाचेंहि असो, ओकें असूं नये.”

त्याप्रमाणें मुळें फुटलेलें एक रोप वडिलांनीं स्वतः तेथें नेऊन दिलें, व उभयतां घरांत बंद पडलेलें जाणेंयेणें पुनः सुरू झालें. ज्या वाचकांस कोरांटी लावावयाची असेल, त्यांनींहि येत्या आषाढांत आमच्याकडून खुशाल फांदी न्यावी.