गव्हाणीभोवतीची हिरवळ

बेळगावहून जांबोटी व कणकुंबी ही गावे मागे टाकून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारा रस्ता वाचकांनी आगमनकाळात एकदा तरी डोळे उघडे ठेवून पाहावा. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते व पूर्वेकडे जाते. खानापूर तालुक्याच्याच डोंगरांत जन्मलेली म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरून सागराला मिळते. पावसाळ्यात या मुलखात दगडालाही हिरवा रंग चढतो. परंतु डिसेंबर उजाडला की सड्यावरील गवत आधी सोनेरी व मग मातकट होते, आणि जांभ्या दगडाच्या गडग्यांवरील शेवाळ सुकून काळवंडते. हिरवे म्हणून जे उरते ते दाट रानात, झऱ्याच्या काठी आणि विहिरीच्या ओलसर कठड्यावर.

सारांश, आपल्याकडे नाताळ येतो तेव्हा हिरवाई निघून जात असते. बेथलेहेमात याच्या अगदी उलट घडते. ते गाव चुनखडीच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७७५ मीटर उंचीवर वसले आहे. तेथे उन्हाळा कोरडा जातो व पाऊस हिवाळ्यात पडतो. त्यामुळे उन्हाने करपलेल्या तेथील टेकड्यांवर डिसेंबरच्या सुमारास नवे कोवळे गवत डोके वर काढू लागते. गोठ्याच्या देखाव्यात आपण जी हिरवळ मांडतो ती आपल्या डोंगरावर त्या दिवसांत सापडत नाही. ती आपल्या हातांनी उगवावी लागते.

आणि ती उगवण्याची रीत गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांनी फार पूर्वीपासून जपली आहे. बारदेशात, तिसवाडीत किंवा सासष्टीत शिरावे, तो नाताळापूर्वी आठ-दहा दिवस घराच्या कोपऱ्यात नाचणी पेरलेली पसरट भांडी दिसतात. नाचणी रात्रभर भिजवतात, ओल्या मातीच्या पातळ थरावर दाट पसरतात, आणि भांडे सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडतात. तीन-चार दिवसांत अंकुर फुटतो आणि नाताळच्या रात्रीपर्यंत बोट-दोन बोटे उंचीचे शेत तयार होते. नाचणीचे पाते बारीक असल्याने चिमुकल्या मेंढपाळांशेजारी ते खऱ्या भातशेतासारखे शोभते. गव्हाचे पाते त्यामानाने जाड व उंच. ते मागे नव्हे, पुढच्या कडेला लावावे. मोहरीची वाटोळी पाने झुडपांचे काम उत्तम करतात.

फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स प्रांतातही हीच कल्पना आढळते. तेथे ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत गहू पेरतात व पुढे ती हिरवी बशी गव्हाणीपाशी ठेवतात. तेथील मातीच्या बाहुल्यांचा देखावा रानातील शेवाळावर उभा राहतो. एकमेकांना कधी न पाहिलेल्या दोन मुलखांतील शेतकऱ्यांना बाळ येशूच्या स्वागतासाठी मूठभर धान्यच सुचावे, यात नवल ते काय! असीसीकर संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो येथे गव्हाण मांडली, तेव्हाही त्याने खरे गवत आणि जिवंत बैल व गाढव आणविले होते.

देखाव्याची जमीन खरी वाटावी, असे ज्यांस वाटते त्यांनी घाटातील एखादी दरड नीट न्याहाळावी. तळाशी दगड, त्यावर माती, मातीत मुळे, आणि शेवटी गवत, असा तिचा क्रम असतो. हिरवा कागद अंथरून त्यावर दगड ठेवले की ते उपरे दिसतात. म्हणून जांभ्याचे तुकडे आधी मातीत अर्धे पुरावेत. माती चाळणीने चाळून घ्यावी. जाडी खडी पुढे व बारीक भुकटी मागे पसरली म्हणजे लहानशी जागाही दूरवर गेल्यासारखी वाटते. रंग एकच नसावा. पायवाटेवर गवत नसते, पाणवठ्याशी ते दाट असते, आणि झाडाखाली पाचोळा साचतो. भाताचे काड बारीक कापून गोठ्याच्या दाराशी टाकावे. दिव्याची तार व मेणबत्ती मात्र या वाळल्या गवतापासून दूर ठेवावी, कारण ठिणगी पडावयास अवकाश, की पेट घेतलाच.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. शोभेसाठी शेवाळ व नेचे रानातून पोत्यांनी ओरबाडून आणण्याचा मोह पुष्कळांस होतो. शेवाळाचा जाड गालिचा खडकावर बसण्यास वर्षे लागतात. तो पाणी धरून ठेवतो आणि असंख्य लहान जीवांना आसरा देतो. चोर्ला घाटालगत म्हादई अभयारण्य १९९९ पासून व भीमगड अभयारण्य २०११ पासून राखीव आहे. तेथील काडीही उचलणे योग्य नव्हे. आपल्याच परड्यातील गडग्यावरचे सुकलेले शेवाळ ओंजळभर घ्यावे व त्यावर पाणी शिंपडावे. बहुधा ते पुन्हा हिरवे होते. सण सरल्यावर ते ओल्या सावलीत परत ठेवावे.

बाजारात प्लास्टिकची हिरवी चटई मिळते. ती पाणी मागत नाही आणि सुकतही नाही. देखावा क्षणात तयार होतो. पण जी हिरवळ पाणी मागत नाही, ती घरातील मुलांना काही शिकवीतही नाही. नाचणीला एक दिवस पाणी विसरले तर अंकुर मान टाकतो, हे सहा वर्षांच्या लेकरालाही समजते. आगमनकाळ म्हणजे वाट पाहणे, हे प्रवचनातून जितके कळते तितकेच त्या भांड्यापाशी रोज सकाळी वाकून पाहताना कळते.

तेव्हा मातांनो, या वर्षी डब्यातली मूठभर नाचणी बाजूला काढा आणि पाणी घालण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्याकडे द्या. सणानंतर ती हिरवी पाती गाईपुढे ठेवा. गोठ्यासाठी वाढविलेले गवत शेवटी गोठ्यातच पोहोचावे, हे योग्यच होय.